ताट जमिनीवर, फोन अडणीवर

मी एक जुनी अडणी आहे. हसू नका मित्रांनो. अडणी म्हणजे अडचण नव्हे. पण आज मी ज्या घरात आहे तिथे या दोन शब्दांत फारसा फरक उरलेला नाही. अडणी म्हणजे जेवणाचं ताट ठेवायची लाकडी तिवई. वर वाटोळं कडं, खाली तीन पाय, उंची दीड वीत. माणूस मांडी घालून बसला की त्याच्यापुढे मला ठेवायचं आणि माझ्यावर त्याचं ताट. परळी वैजनाथच्या ज्या लिंगायत घराची मी आहे तिथे अन्नाला प्रसाद मानत. प्रसाद जमिनीवर कसा ठेवायचा, म्हणून मी.

तात्याबा सुताराने मला घडवलं. दुकानाचं जुनं सागवानी दार काढलं होतं, त्याच्या फळीतून त्याने सहा अडण्या काढल्या. त्यांत सगळ्यात मोठी मी. त्याने एकही खिळा वापरला नाही. खाचेत पाय बसवले, पाचरी ठोकल्या, माझ्यावर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि मला बोटाने धक्का दिला. थेंब सांडला नाही. तात्याबा खूश होऊन म्हणाला, "बघा शेट, तीन पायाची वस्तू डुगडुगत नसतीय. जमीन कशीबी असू द्या. चवथा पाय आला की मग डुगडुग आली."

शेट म्हणजे महांतेश आज्जा. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं लोखंड-सिमेंटचं दुकान होतं. त्या घरात मी त्यांच्या पुढ्यात तीस वर्षं राहिले. कपाळावर विभूती, अंगात धुतलेली बंडी, आणि जेवायला बसले की कसलीही घाई नाही. शेजारी त्यांचा मुलगा महारुद्र, पुढे नातवंडं रुद्राणी आणि वीरेश. महारुद्रची बायको नीलाबाई शेगडीशी बसून गरम भाकरी वाढायची. तिचा हात तव्यावर असे आणि कान आमच्याकडे.

आता या घरातली एक रीत सांगते, कारण माझी सगळी गोष्ट त्या रितीवर उभी आहे. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घ्यायचं, बोटाने ताट निपटायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं. प्रसादाचा कण वाया जाऊ नये म्हणून. ही रीत तर पुष्कळ घरांत होती. पण आज्जा ताटात पाणी घ्यायच्या आधी तांब्या हातात धरून थांबायचे. सगळ्यांकडे बघायचे आणि विचारायचे, "कुणाचं काई राह्यलं का?"

मग ज्याचं राहिलं असेल त्याने बोलायचं. रुद्राणी पाच वर्षांची असताना म्हणाली होती, "माझं राह्यलंय. मला शाळंत लाल रिबीन पायजे. सगळ्या पोरींला हाय." आज्जांनी ते एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. एकदा त्यांनी शेगडीकडे मान वळवली, "नीला, तुजं काई?" नीलाबाई पदर सावरून म्हणाली, "भावाच्या लग्नाला दोन दिवस म्हणलात. आठ दिवस जाऊ का?" आज्जा म्हणाले, "धा दिवस जा की. पर मागारी ये बरं का, न्हाईतर हे महारुद्र आमाला भाकरीच्या जागी सिमिट खायला घालील."

होकार असो की नकार, तो त्या वेळी व्हायचा. ताटात पाणी पडलं की विषय मिटला. ज्याला नाही म्हटलं त्याने तो विषय पुन्हा काढायचा नाही. काढायचा तर घरच्या मोठ्या माणसानेच काढायचा. आज्जांचा हा नियम कडक होता. पण त्याची दुसरी बाजू त्यांनी स्वतःवर घातली होती. कुणी बोलत असेल तोवर ते पाणी घेत नसत. रुद्राणी एकदा शाळेतलं सगळं भांडण पहिल्यापासून सांगत बसली, तेव्हा महारुद्र वैतागून म्हणाला, "आवर की गं! आज्जाचा हात वाळला."

"वाळू दे," आज्जा म्हणाले. "हात धुता येतोय."

मित्रांनो, मी लाकूड आहे. पण ज्या घरात हात वाळेपर्यंत ऐकून घेतात, त्या घरात लाकडालाही मान असतो. नीलाबाई मला दर सोमवारी तेल लावायची.

मग घरात टेलिफोन आला. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. महारुद्रने अर्ज केल्याला सहा वर्षं झाली होती. "नंबर लागला!" असं ओरडतच तो दुकानातून आला. लाल रंगाचा फोन, अंगावर नंबरांची चकती. गल्ली बघायला लोटली. शेजारच्या साखराबाईने तर त्याला हळदकुंकू वाहिलं. पेढे वाटून झाले तेव्हा लक्षात आलं की फोन ठेवायला घरात जागाच नाही. तार माजघरापर्यंतच पोचत होती. महारुद्रने इकडे तिकडे पाहिलं, मला उचललं, फोन माझ्यावर ठेवला आणि म्हणाला, "हे बघा, मापात बसला!"

बसला खरा. नीलाबाईने लोकरीचा रुमाल विणून आम्हा दोघांवर घातला. आज्जांना त्या दिवसापासून धाकटी अडणी मिळाली. ताट ठेवताना त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं.

सुरुवातीला मलाही मोठं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू? ताट उचललं की मला कुणी विचारत नसे. आता येणारा-जाणारा माझ्याकडे बघायचा. पण फोनला एक खोड होती. तो जेवायच्या वेळेला वाजायचा. व्यापारी माणसं घरी सापडतात ती जेवायच्या वेळेला, हे सगळ्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. मांजरसुंब्याहून बद्रीनाथचा फोन यायचा. त्याचं तिथल्या फाट्यावर ट्रान्सपोर्टचं काम होतं आणि महारुद्रची त्याच्याशी भागी होती. साखराबाईचा पुण्याचा लेकही आमच्याच नंबरावर तिला बोलवून घ्यायचा. मग साखराबाई माजघराच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "हालू! आरं जेवला का? काय जेवला? पुन्हा सांग!" आणि इथे आमच्या घरातले जेवणारे घास हातात धरून बसून राहायचे.

महारुद्रला उठून यावं लागू नये म्हणून त्याने मला आपल्या डाव्या हाताशी ओढून घेतलं. माझ्या शेजारी त्याच्या अडणीला जागा पुरेना, तेव्हा त्याने ती बाजूला सारली आणि ताट खाली ठेवलं. ताट जमिनीवर, फोन अडणीवर. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज्जांनी मात्र घास खाली ठेवला आणि म्हणाले, "महारुद्र, परसाद कुठं आन् तू कुठं ठिवला, बघ जरा."

"धंदा हाय," महारुद्र म्हणाला. फोन वाजला.

रिसीव्हर खांदा आणि कानाच्या मधे दाबून जेवायची त्याला सवय झाली. एकीकडे "हूं, हूं" चाले, दुसरीकडे हाताने आमटी मागणं. बोलणं कुणाशी चाललंय ते कळत नसे. एकदा तो म्हणाला, "दोन पाठव. आत्ताच्या आत्ता पायजेत." नीलाबाईने दोन गरम भाकऱ्या आणून त्याच्या ताटात टाकल्या. फोनवर गाड्यांचं चाललं होतं! वीरेश हसता हसता पालथा पडला. "आई, आता ट्रकमधी भाकरी भर!" सगळे हसले. मीही मनात हसले. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

आज्जा रोज तांब्या धरून विचारायचे, "कुणाचं काई राह्यलं का?" महारुद्र बोट वर करून थांबायची खूण करी आणि फोनवर बोलत राही. आज्जा थांबत. हात वाळून कोरडा पडायचा, बोटांवरची आमटी पांढरी व्हायची. पोरं पेंगायची. शेवटी आज्जा पाणी घेत. पुढच्या सालच्या श्रावणात ते गेले. तांब्या आता महारुद्रच्या हातात आला. दोन-तीन महिने त्याने तो प्रश्न विचारला, तोही भिंतीकडे बघत. मग विसरला. प्रश्न गेला, पण नियम राहिला. ताटात पाणी पडलं की विषय मिटला, हे मुलांच्या हाडीमासी भिनलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या जून महिन्यात रुद्राणीला एक पत्र आलं. ती बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि अंबाजोगाईला डी.एड.ला तिचा नंबर लागला होता. सोमवारपर्यंत हजर व्हायचं होतं, सोबत वडलांची सही. लहानपणापासून तिचा एकच खेळ असायचा. आम्हा सहा अडण्यांना ओळीत मांडायचं, हातात पट्टी घ्यायची आणि पाढे म्हणून घ्यायचे. मी पहिल्या बाकावरची हुशार मुलगी असायचे. म्हणून तिच्या पत्राचा आनंद मला तिच्याइतकाच झाला.

"अप्पाला तूच इचार," नीलाबाई म्हणाली. "ताटावर इचार. मी हाय की इथं."

शुक्रवारची संध्याकाळ. रुद्राणीने पत्र मांडीखाली ठेवलं होतं. महारुद्रने चार घास खाल्ले आणि फोन वाजला. बद्रीनाथच. तिकडून तो बराच वेळ बोलत होता आणि महारुद्र नुसता ऐकत होता. जेवण संपत आलं. त्याचा हात तांब्याकडे गेला. रुद्राणी घाबरली, कारण पाणी पडलं असतं तर शुक्रवार संपला असता. ती घाईने म्हणाली, "अप्पा, माजं राह्यलंय. डी.एड.ला नंबर लागलाय अंबाजोगाईला. सोमवारी हजर व्हायचंय. जाऊ का?"

महारुद्रने वर पाहिलं. मित्रांनो, माणूस कानाने दुसरीकडे असला तरी डोळे कुठेतरी ठेवावे लागतात. त्याने ते तिच्यावर ठेवले. सरळ तिच्याकडे बघत तो म्हणाला, "न्हाई. यंदा नको. पुढल्या साली बघू."

आणि त्याने ताटात पाणी घेतलं.

रिसीव्हर माझ्या डोक्याशीच होता. बद्रीनाथचं प्रत्येक अक्षर मला ऐकू येत होतं. तो दुसरा ट्रक घ्यायचा का, ते विचारत होता. तो 'नको' ट्रकला होता. मुलीचा प्रश्न महारुद्रच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. मला ओरडावंसं वाटलं. पण तात्याबाने मला तीन पाय दिले होते, तोंड दिलं नव्हतं.

रुद्राणीने खाली मान घातली. आपल्या ताटात पाणी घेतलं, बोटाने ताट निपटलं आणि पिऊन टाकलं. शेगडीपाशी नीलाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. दोन गरम भाकऱ्यांची गोष्ट तिला त्या वेळी आठवायला हवी होती. नाही आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एवढं मात्र केलं. महारुद्र टोपी घालत असताना म्हणाली, "पोरगी लई नाराज हाय."

"कावून?"

ती सांगणार, एवढ्यात फोन वाजला. सोमवार आला आणि गेला. पत्र माझ्या अंगावरच्या लोकरी रुमालाखाली पुष्कळ दिवस पडून होतं.

रुद्राणी वर्षभर थांबली. 'पुढल्या साली बघू' हा शब्द तिने जपून ठेवला होता. विषय तिने काढायचा नाही, वडलांनीच काढायचा, म्हणून ती रोज ताटावर त्यांच्या तोंडाकडे बघायची. पुढल्या साली महारुद्रने खरंच बघितलं. दुसरा ट्रक घेतला, दारात उभा करून त्याला हार घातला. आणि त्याच जूनमध्ये, जेवता जेवता, फोनवर बोलता बोलता, त्याने पाटोद्याच्या एका घराला शब्द दिला. रिसीव्हर ठेवून म्हणाला, "रुद्रे, तुजं जमलं बघ. माणसं चांगली हायती. दुकान हाय."

माणसं चांगली होती, हे खरं. रुद्राणी पाटोद्याला गेली. जाताना तिने पाचही अडण्यांना नमस्कार केला. मी फोनखाली होते. मला केला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मोबाईल आले. लाल फोनची तार तोडून नेली. माझं काम संपलं आणि मी माळ्यावर गेले. बाकीच्या पाच अडण्या कुठल्याशा थंडीत पाणी तापवायला कामी आल्या. खाली टेबल-खुर्च्या आल्या. गावातल्या औष्णिक वीज केंद्राची राख खिडकीतून यायची आणि माझ्यावर साचायची. खालून मला भांड्यांचे आणि मोबाईलचे आवाज ऐकू येत. माणसांचे फार कमी.

मग नीलाबाई गेली. दोन हजार दहा साली तिच्या पहिल्या पुण्यस्मरणाला घरी मठाचे स्वामी जेवायला येणार होते. स्वामींचं ताट अडणीवरच हवं, म्हणून मला खाली काढलं. पाटोद्याहून रुद्राणी आली होती. तिनेच मला धुतलं, पुसलं, तेल लावलं. स्वामी जेवून गेले. मग घरचे बसले. वीरेश, त्याची बायको आणि त्यांची मुलगी प्रणिता टेबलावर. महारुद्र आता बासष्ट वर्षांचा. तो म्हणाला, "मी आज खालीच बसतो." रुद्राणीने मला त्याच्यापुढे ठेवलं, माझ्यावर ताट ठेवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली.

सोळा वर्षांनी माझ्यावर घरच्या माणसाचं ताट आलं. महारुद्र हळूहळू जेवला. ताट रिकामं झालं तेव्हा त्याने तांब्या उचलला आणि थांबला. कदाचित नीलाबाईची आठवण असेल, कदाचित माझी उंची हाताला आठवली असेल. तो म्हणाला, "कुणाचं काई राह्यलं का?"

टेबलावरून वीरेशचा आवाज आला, "काही नाही, काही नाही. बोला."

महारुद्रचं तोंड उजळलं. "मी कशाला बोलू? तूच बोल की बाबा. लई दिवस झाले."

वीरेशने मोबाईल छातीशी धरला. "तुम्हाला नाही अप्पा. फोनवर बोलतोय." आणि मोबाईल पुन्हा कानाला लावला. प्रणिता आपल्या मोबाईलमध्ये बघतच हसली. कशाला हसली देव जाणे.

महारुद्र ओशाळला. "मला वाटलं, मलाच म्हणला."

रुद्राणी म्हणाली, "माजं राह्यलंय, अप्पा."

"बोल की."

"पुढल्या साली बघू म्हणला होता तुमी. बघितलं न्हाई. तेरा वर्षं झाली. रागानं न्हाई इचारत. नुसतं इचारते. इसरला होता, का जाऊ द्यायचंच नव्हतं?"

"काय बघू म्हणलतो?"

"डी.एड.चं. अंबाजोगाईचं. मी ताटावर इचारलं होतं. तुमी माज्याकडं बघून म्हणलात, न्हाई, यंदा नको."

महारुद्रने तिच्याकडे बघितलं. मग त्याची नजर टेबलाकडे गेली, वीरेशच्या कानाकडे. मग खाली माझ्याकडे. मला वाटतं, तेव्हा त्याला सगळं आठवलं.

"ते ट्रकला म्हणलतो गं," तो म्हणाला. "बद्रीनाथ ट्रक घ्यायचा म्हणत हुता. तुला न्हाई म्हणलो मी. तुला कावून न्हाई म्हणीन?"

"मग मला काय म्हणला होता?"

"तू इचारलेलं मला ऐकूच आलं न्हाई."

पाटोद्याच्या दुकानात बारा वर्षं रुद्राणी ज्या 'नको'वर रागावली होती, तो 'नको' तिचा नव्हताच. ज्या बापाने आपल्याला नाकारलं असं ती समजत होती, त्याने नाकारलंसुद्धा नव्हतं. नाकारायला आधी ऐकावं लागतं.

"पुन्हा इचारायचं हुतं एकदा," महारुद्र म्हणाला. "एकदा पुन्हा इचारलं असतं तर..."

"ताटात पाणी पडलं होतं, अप्पा."

तिने आपल्या ताटात पाणी घेतलं. निपटलं. पिऊन टाकलं. उठताना तिने मला हात लावून नमस्कार केला आणि सहाच्या गाडीने पाटोद्याला गेली. तिची लेक घरी वाट बघत होती.

महारुद्रने त्या दिवशी ताटात पाणी घेतलं नाही. तांब्या हातात धरून तो बसून राहिला. बोटांवरची आमटी वाळून पांढरी झाली. टेबलावरचे तिघे आपापल्या मोबाईलकडे बघत उठून गेले. कुणी विचारलं नाही की आजोबा, तुमचं काही राहिलं का.

आता मी माळ्यावर नाही. बैठकीत, भिंतीवरच्या प्लगखाली मला ठेवलंय. माझ्यावर तीन मोबाईल चार्जिंगला असतात. वीरेश म्हणाला, मापात बसली. महारुद्र जमिनीवर ताट ठेवून एकटा जेवतो आणि रोज तांब्या धरून तो प्रश्न विचारतो. कधी कधी उत्तर येतं. तेव्हा तो आधी मान वळवून बघतो, समोरच्याच्या कानाला फोन तर नाही ना.

मित्रांनो, मला तेल लावू नका, माझी पूजा करू नका. माझं लाकूड अजून पक्कं आहे, त्याला कशाची गरज नाही. पण तुमच्या घरात कुणीतरी मांडीखाली एखादं पत्र ठेवून जेवत असेल. तुमच्याकडे बघत असेल आणि तुम्ही विचारायची वाट बघत असेल. वाजणाऱ्याला वाजू द्या. तो पुन्हा वाजतो. माणूस पुन्हा विचारतोच असं नाही. पाणी घ्यायच्या आधी थांबा, सगळ्यांकडे बघा आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर लागू द्या. हात वाळला तर वाळू द्या.

हात धुता येतो.